जुने मोल्डिंगचे यंत्र घरी आणण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून मी ओसरीवर पान लावीत बसलो होतो. पुतण्या येऊन शेजारी टेकला आणि बराच वेळ काही बोलेना. काही मागायचे असले म्हणजे हा मुलगा असाच बसतो. शेवटी म्हणाला, "काका, तालुक्याला एक मिस्त्री कारखाना बंद करतायत. त्यांचं मोल्डिंगचं मशीन निघालंय. पंधरा हजार म्हणतात. घेऊ का?"

"बघितलंस का?"

"बघितलं. चालू करून दाखवलं त्यांनी. आवाज चांगला येतोय."

पुतण्या आय.टी.आय.मध्ये सुतारकाम शिकला आहे. वाट्याला दोन एकर रान, त्यात ऊस आणि थोडी भाजी. उसाचे बिल हातात पडले की असे बेत निघतात. बेत वाईट नव्हता. मधपेट्या करायच्या आणि गावातल्या नव्या घरांना दारे-खिडक्या करून द्यायच्या, असे त्याच्या मनात होते. पण "आवाज चांगला येतोय" एवढ्यावर यंत्र घ्यायचे, हे मला पटेना. माझी सारी नोकरी शेतकरी बंधूंना पंप, फवारे आणि मळणी यंत्रे पारखून घ्या, असे सांगण्यात गेली. आता घरच्याच मुलाला तेच सांगायची पाळी आली. त्या निमित्ताने जे पाहिले, केले आणि चुकले, ते इथे मांडतो. पुष्कळ गावांतून आता हौशी किंवा शिकलेली मुले गोठ्याच्या पडवीत सुतारकाम मांडू लागली आहेत. त्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येईलच.

आधी नावाचा घोळ सांगतो. या यंत्राला इंग्रजीत शेपर म्हणतात. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन तुम्ही "जुना शेपर आहे का?" असे विचाराल, तर तुम्हाला लोखंड तासणाऱ्या भल्या थोरल्या यंत्रापुढे नेऊन उभे करतील. आपल्याला हवे ते लाकडाचे. आपल्याकडचे मिस्त्री त्याला मोल्डिंग मशीन म्हणतात. सपाट लोखंडी टेबलाच्या मधोमध भोक असते आणि त्यातून एक उभा दांडा वर आलेला असतो. दांड्यावर कटर बसवायचा. मोटर खाली असते आणि पट्ट्याने दांडा फिरवते. टेबलावर दोन तुकड्यांची आडवी गाइड असते. तिला टेकवून फळी कटरवरून सरकवली की फळीच्या काठाला खाच, झिरी किंवा नक्षी पडते. सुतार जे काम खाचणीच्या रंध्याने दिवसभर घाम गाळून करील, ते इथे तासाभरात होते.

हलके यंत्र कोणते, तर ज्याचा दांडा अर्धा ते पाऊण इंची आहे आणि मोटर एका हॉर्सपॉवरच्या आसपास आहे ते. यातही निवडायची वेळ आली तर पाऊण इंचीच घ्यावे. दिसायला फरक पाव इंचाचा असला तरी वाकण्याच्या बाबतीत पाऊण इंची दांडा अर्ध्या इंचीपेक्षा पाचपट ताठ असतो. बारीक दांड्यावर मोठा कटर लावला की दांडा थरथरतो आणि लाकडावर लाटा उमटतात.

आता वेगाचा हिशेब. आपल्याकडची वीज ५० सायकलची आहे. जलद जातीची मोटर त्यावर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. मोटरवर ६ इंची पुली आणि दांड्यावर २ इंची पुली असेल तर दांडा तिप्पट, म्हणजे ८,५५० फेरे घेतो. त्यावर ७५ मिलिमीटर व्यासाचा कटर असला तर त्याची धार सेकंदाला साडेतेहतीस मीटर धावते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. आपली एस.टी. रस्त्याने धावते त्याच्या दुप्पट! आणि त्या धारेपासून चार बोटांवर आपला हात असतो.

हे ऐकून आमच्या घरात शांतता पसरली. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं या गावात दोन आहेत. तिसरं आपल्या घरात नको." त्यांचे बोलणे काही चुकीचे नव्हते. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदाच करावा लागला. लाकडाच्या यंत्राला तो लागत नाही, पण हाताला दोन्ही सारखीच.

म्हणून मी पुतण्याला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हे. "तुला हे यंत्र लागणार आहे का?" वर्षातून चार दारांना नक्षी काढायची असेल तर हातात धरायचा राउटर पुरतो. तो कमी पैशात येतो आणि कपाटात मावतो. मोल्डिंगचे यंत्र तेव्हाच परवडते, जेव्हा एकच काप शेकडो वेळा तंतोतंत सारखा घ्यायचा असतो. मधपेटीचे काम नेमके तसे आहे. पेटीच्या आत चौकटी आणि भिंत यांच्यामध्ये मधमाशीला ये-जा करण्यापुरतीच फट ठेवावी लागते. आपल्या सातेरी माशीसाठी ती साधारण ७ ते ९ मिलिमीटर. फट जास्त झाली की माश्या तिथे पोळे बांधतात आणि चौकट उचलता येत नाही. कमी झाली तर माशीला वाटच राहत नाही. या फटीचे महत्त्व अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाने १८५१ साली ओळखले आणि तेव्हापासून हलत्या चौकटींची पेटी जगभर गेली. तेव्हा चौकट टेकण्याची खाच पेटीगणिक मिलिमीटरभर इकडेतिकडे होऊन चालत नाही. पुतण्याला पहिल्या वर्षी चाळीस पेट्या करायच्या होत्या. एवढे काम असेल तर यंत्राचा विचार करायला हरकत नाही, असे माझे मत पडले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे आणि ओळखीचे एक फिटर असे तिघे तालुक्याला गेलो. जाताना डायल गेज, एक सरळ लोखंडी पट्टी, पाने आणि बॅटरी बरोबर घेतली. मिस्त्री साठीचे. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला. चहा झाला. मिस्त्रींनी लगेच बटण दाबायला हात पुढे केला. फिटर म्हणाले, "मिस्त्री, आधी बंदच राहू दे." जुने यंत्र पाहताना ही पहिली रीत. चालू यंत्र सगळे दोष झाकते.

वीज तोडून पट्टा काढला. दांडा बोटाने हळूहळू फिरवला. मध्ये कुठे कचकच लागते का, अडखळतो का, ते पाहिले. मग दांड्याचे टोक धरून पुढे-मागे हलवून पाहिले. किंचित खेळ होता. डायल गेज टेबलावर ठेवून काटा दांड्याला टेकवला आणि एक फेरा दिला. काटा मिलिमीटरच्या तीन शतांशांच्या आत फिरला, म्हणजे दांडा सरळ होता. खेळ होता तो बेअरिंगचा. हा फरक कळणे महत्त्वाचे आहे. बेअरिंग बदलता येते, आणि आमच्या यंत्राचे तर ६२०४ नंबरचे निघाले. पंपाची मोटर भरणाऱ्या कोणत्याही दुकानात ते मिळते: आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडीला १४ मिलिमीटर. घेताना रबरी सीलचे न घेता पत्र्याच्या झाकणाचे घ्यावे, एवढ्या वेगाला ते कमी तापते. पण दांडाच वाकलेला असेल तर गोष्ट वेगळी. "हातोडीनं सरळ करून देतो" म्हणणारा भेटला तर नमस्कार करून बाहेर पडावे. तो दांडा नवाच करावा लागतो, चांगल्या पोलादाचा आणि ग्राइंडिंग केलेला.

दांड्याच्या डोक्यावरचे आटे बारकाईने पाहावेत. कटरला धरून ठेवणारा नट तिथे बसतो. नटाखाली एक वॉशर असतो, त्याला आतून दात असतो आणि तो दांड्याच्या खाचेत अडकतो. हा दात असतो म्हणून कटरच्या झटक्याने नट सैल होत नाही. आमच्या यंत्रावर साधा पंपाचा वॉशर होता. मिस्त्री म्हणाले, "तो कधीच हरवला, सायेब. काय फरक पडत न्हाई." फरक पडतो. आम्ही तो नंतर लेथवर करून घेतला.

टेबलावर पट्टी तिरकी-सरळ ठेवून पाहिली. उजेड फारसा दिसला नाही. दांडा वर-खाली करणारे चाक फिरले, पण घट्ट करायची मूठ लागत नव्हती. आत वीस वर्षांचा भुसा आणि ग्रीस यांचा चिखल साचला होता. तो दोष नव्हे, आळस. गाइडचे दोन्ही तुकडे एका रेषेत येत होते. एवढे पाहिल्यावर पट्टा चढवून, कटर न लावता, पंधरा मिनिटे यंत्र चालवले. मग बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवला. हात ठेववतो तोवर ठीक. आम्हाला दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला.

या सगळ्यात एक गोष्ट दिसत नव्हती. कटरवरचे झाकण, म्हणजे गार्ड. मी विचारले तर मिस्त्री हसले. "ते अडचण करतं. काढून टाकलं पयल्याच वर्षी." बोलताना त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. पहिले बोट मधल्या पेरापाशी संपलेले होते. मी पाहिले हे त्यांनी पाहिले. म्हणाले, "लाकूड लांब असतं तर काय झालं नसतं. एवढंसं होतं." त्यांनी डाव्या हाताने विताएवढे अंतर दाखवले.

मी पुतण्याकडे पाहिले. तो खाली बघत होता.

शेतकरी मित्रांनो, या यंत्रावर होणारे बहुतेक अपघात याच जातीचे असतात. लहान तुकडा कटरच्या तावडीत सापडतो, उडतो, आणि त्याला धरलेला हात त्याच्या जागी जातो. वीतभर लाकूड या यंत्रावर धरूच नये. लहान पट्टी हवी असेल तर रुंद, लांब फळीला आधी खाच पाडावी आणि मग करवतीने पट्टी वेगळी करावी. दुसरे, लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याविरुद्ध सारायचे. यंत्राच्या पुढे उभे राहिल्यावर कटरची आपल्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे येत असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे जायला हवे. उलटे घातले तर कटर लाकूड ओढून घेतो, आणि लाकडामागून हात. तिसरे, एका दमात सगळी खाच खोदू नये. एक हॉर्सपॉवरच्या यंत्राला दोन-तीन हातांत काम द्यावे. सागवानात वाळूचा अंश असतो, त्याने धार लवकर बोथटते. बोथट कटर लाकूड कापत नाही, ढकलतो.

मिस्त्रींकडे कटरांचा डबा होता. त्यात तीन धारांचे अखंड कटर दोन होते, बाकी सगळे जुन्या पद्धतीचे: दोन चकत्यांमध्ये सुटी पाती दाबून बसवायची ते. "हे फुकट घेऊन जा," असे मिस्त्री म्हणाले. सुटी पाती रुंदीला केसभर कमीजास्त असली तर एकच पाते दाबले जाते आणि दुसरे सुटून बंदुकीच्या गोळीसारखे जाते. फुकट मिळाली तरी ती वापरू नयेत.

घासाघीस करताना आम्ही मिस्त्रींच्या यंत्राला नावे ठेवली नाहीत. बेअरिंग, वॉशर, गार्ड आणि मोटर यांचा खर्च कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. अकरा हजारांवर सौदा मिटला. मोटरचा खर्च का, तेही सांगतो.

यंत्राला तीन फेजची मोटर होती. घरी एक फेज. पुतण्या म्हणाला, "विहिरीवर पंपाची तीन फेज आहेच की. यंत्र तिथल्या खोलीत बसवू." असे करू नये. शेतीपंपाची जोडणी शेतीसाठी दिलेली असते. ती दुसऱ्या कामाला वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. आणि पंपाचा अनुभव आठवा. डी.पी.वर काम झाल्यावर कधी कधी फेज उलटे जोडले जातात, पंप फिरतो पण पाणी येत नाही. पंपाचे तेवढ्यावर भागते. इथे कटरच उलटा फिरेल. दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप चालवायची जी युक्ती आपल्याकडे चालते, तीही इथे नको.

म्हणून आम्ही एक फेजची नवी मोटर घेतली. ती २,८५० फेऱ्यांचीच आहे ना हे पाटीवर वाचून घ्यावे. १,४४० फेऱ्यांची मोटर स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर वेग निम्मा होतो. घरगुती जोडणीवर पुतण्याने फक्त स्वतःच्या पेट्या केल्या. गिऱ्हाइकाचे काम धरायच्या आधी वेगळ्या जोडणीचा अर्ज केला.

यंत्र बसवले त्या दिवशी एक प्रकार घडला. सगळे जोडून झाले होते. पुतण्याला कटर लावून लगेच लाकूड घालायचे होते. मी म्हटले, "आधी रिकामं फिरव." त्याने बटण दाबले आणि दांडा उलटा फिरू लागला. मोटर जोडताना आतल्या दोन तारा बदलल्या गेल्या होत्या. एक फेजच्या मोटरचेही असे होते, हे मला माहीत असूनही त्या क्षणी ध्यानात नव्हते. कटर लावलेला असता तर काय झाले असते ते पुतण्याला सांगावे लागले नाही. तेव्हापासून तारांना हात लागला की तो पहिल्यांदा रिकामा दांडा फिरवून बघतो आणि टेबलावर खडूने काढलेल्या बाणाशी ताडून पाहतो.

आणखी एक गोष्ट खेड्यातल्या माणसाने विसरू नये: भारनियमन. काम चालू असताना वीज जाते. आपण लाकूड काढतो, कटर पुसू लागतो, आणि वीज परत येते. साधे खटक्याचे बटण असेल तर यंत्र हातातच सुरू होते. म्हणून वीज गेली की आपोआप सुटणारा आणि परत दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्टार्टर लावायचा. पंपाला आपण ऑटो लावतो तसा ऑटो या यंत्राला चुकूनही लावू नये. अर्थिंग तर हवेच.

गार्ड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. कटरवर छत्रीसारखे बसणारे, वर-खाली सरकणारे लोखंडी कडे. त्याला लागून फणीसारख्या चिरलेल्या दोन फळ्या बसवल्या. एक लाकूड गाइडला दाबते, दुसरी टेबलाला. बोटांचे काम त्या फळ्या करतात आणि हात कटरपासून वीतभर लांब राहतो.

आमचा खर्च असा झाला: यंत्र ११,०००, मोटर ८,०००, दोन नवे कटर ५,०००, स्टार्टर १,८००, टेम्पो १,५००, गार्ड आणि वॉशर १,२००, बेअरिंग ६००. एकूण २९,१००. जुनी मोटर अडीच हजारांना गेली, म्हणजे २६,६००. पंधरा हजार म्हणून ऐकलेले यंत्र सव्वीस हजारांना पडले, तेही घासाघीस करून. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण जुन्या यंत्राच्या किमतीएवढेच पैसे वेगळे बांधून ठेवावेत हा अंदाज फारसा चुकणार नाही. ते नसतील तर एक हंगाम थांबावे. गार्ड आणि स्टार्टर "पुढच्या बिलाला बघू" म्हणून यंत्र चालू करू नये.

लाकडाबद्दल एक सूचना. बांधावरचे झाड तोडायला, ते आपले असले तरी, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे अनुसूचीतल्या जातींना परवानगी लागते. ओंडके चिरायची गिरणी घालायची तर वनखात्याचा परवाना लागतो. पुतण्या वखारीतून चिरलेल्या फळ्या आणतो आणि पावती जपून ठेवतो.

भुश्याचे म्हणाल तर तोंडाला फडके बांधावे, बारीक धूळ छातीला वाईट. उपरणे, मफलर, लोंबती बाही आणि अंगठी यंत्राजवळ नको. चालू यंत्रावर माणसाला हाक मारू नये, विशेषतः जेवायला. सौभाग्यवतींनी स्टार्टर पत्र्याच्या पेटीत बसवायला लावला आणि तिला कुलूप घातले. किल्ली स्वयंपाकघरात देवळीत असते. शाळा सुटून पोरे आली की काम बंद, हा त्यांचा नियम आहे आणि त्यावर अपील नाही.

आतापर्यंत तेवीस पेट्या झाल्या आहेत. त्यांतल्या दोन आमच्याच विहिरीकडेला ठेवल्या. एकीत सातेरी बसली, दुसरीत मुंग्या. सुट्या पात्यांचा डबा मी भंगारात वजनावर घातला. हे मिस्त्रींच्या कानावर गेले आणि ते थोडे नाराज झाले. पण परवा नव्या पेट्यांना बिजागऱ्या कशा बसवायच्या हे दाखवायला ते आपणहून आले होते. यंत्राभोवती एक फेरी मारली, गार्ड वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला थोडं ऑइल द्या."